चार्टमध्ये आधी आपली चूक शोधा

13 जून 2025 ला, शुक्रवारी, बजाज फायनान्सचा शेअर 9,300 रुपयांच्या आसपास बंद झाला आणि सोमवारी, 16 जूनला, त्याचे सौदे 930 च्या आसपास होऊ लागले. यात कुणाचा एक रुपयाही बुडाला नाही. कंपनीने एका शेअरमागे चार बोनस शेअर दिले होते, शिवाय प्रत्येक शेअरचे दोन केले होते. एकाचे दहा झाले, म्हणून भाव दहावा हिस्सा झाला. जमनालाल बजाज हे वर्ध्याचे, त्यामुळे बजाज हे नाव असलेला शेअर आपल्याकडे जिव्हाळ्याने घेतला जातो. तो बाळगणाऱ्या कुणी त्या दिवशी जुने भाव जुळवून न घेतलेला चार्ट उघडला असेल, तर त्याला नव्वद टक्क्यांची घसरण दिसली असणार. आणि अशा घसरणीवर रेघा मारायला बसलं की काही ना काही आकृती सापडतेच.

म्हणून डबल बॉटम, हेड अँड शोल्डर्स या नावांकडे वळण्याआधी समोरचा चार्ट खरा आहे का ते बघा. बोनस, स्प्लिट, कंपनीची फोड हे सगळं धरून मागचे भाव जुळवलेले असले पाहिजेत. बहुतेक ॲपमध्ये त्याची सोय असते, पण ती चालू आहे का हे आपणच तपासायचं. बजाज ऑटोचंच बघा. 2008 मध्ये जुन्या कंपनीची फोड झाली आणि आजच्या बजाज ऑटोचा शेअर त्याच वर्षी नव्याने बाजारात आला. जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज या नावाने राहिली. ‘तीस वर्षांचा ट्रेंड’ म्हणून कुणी चार्ट दाखवला, तर तो नेमका कोणत्या कंपनीचा, असा प्रश्न विचारायला हरकत नाही.

दुसरी गफलत बाजार समितीच्या भावांची, आणि ती आपल्या वर्धा जिल्ह्यात जास्त होण्यासारखी आहे. सोयाबीनचे वायदे सेबीने 20 डिसेंबर 2021 ला थांबवले आणि त्या बंदीची मुदत पुढे वेळोवेळी वाढवली. त्यामुळे तेव्हापासून ‘सोयाबीनचा चार्ट’ म्हणून जो व्हॉट्सॲपवर फिरतो तो हजर बाजाराचा असतो. रोजच्या बाजारभावाच्या तक्त्यात हिंगणघाट, आर्वी, पुलगाव यांच्यापुढे तीन आकडे असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. काही उत्साही मंडळी त्यातला किमान दर म्हणजे चार्टवरच्या काडीचं (कॅण्डलचं) खालचं टोक आणि कमाल म्हणजे वरचं, असं धरून कॅण्डल उभी करतात.

ही कॅण्डल खोटी आहे. शेअरबाजारात दिवसाचा नीचांक आणि उच्चांक हे एकाच वस्तूचे, वेगवेगळ्या वेळचे भाव असतात. हर्रासात तसं नसतं. तिथे एकाच सकाळी ओलसर, डागी ढीग कमी भावात जातो आणि शेजारचा, 12 टक्क्यांच्या आत ओलावा असलेला स्वच्छ दाणा चढ्या भावात जातो. तो फरक मालाचा असतो, वेळेशी त्याचा संबंध नसतो. ऑक्टोबरात काढणीच्या तोंडावर पाऊस झाला की भिजलेल्या मालामुळे किमान दर एकदम घसरतो आणि ती काडी खाली लांब शेपटी सोडते. पुस्तकात अशा शेपटीला ‘खालून खरेदीदार परतले’ म्हणतात. इथे कुणी परतलेलं नसतं, पाऊस पडलेला असतो. हजर भावाचा चार्ट काढायचाच असेल तर सर्वसाधारण दराची साधी रेघ काढा आणि तिच्याखाली त्या दिवशीच्या आवकेचे खांब उभे करा. तेवढ्यावर बरंच कळतं.

कॅण्डलची पद्धत मुळात धान्याच्याच बाजारातली. जपानमधल्या साकाता गावचा अठराव्या शतकातला तांदळाचा व्यापारी होम्मा मुनेहिसा याला तिचं श्रेय दिलं जातं. ओसाकाच्या दोजिमा बाजाराला 1730 मध्ये सरकारी मान्यता मिळाली होती आणि तिथे तांदळाच्या पावत्यांचे, म्हणजे एका ठरावीक प्रतीच्या मालाचे, सौदे दिवसभर चालत. तिथल्या भावाला सुरुवात होती, शेवट होता आणि मधले चढउतार होते. ही पद्धत इंग्रजी वाचकांपर्यंत नीट पोचवली स्टीव्ह निसन यांनी, 1991 च्या पुस्तकातून. आज आपल्या फोनवर हिरव्या-लाल काड्या दिसतात त्या या वाटेने आलेल्या आहेत.

एका काडीत चार आकडे असतात: उघडला, वर गेला, खाली गेला, बंद झाला. नवशिका वरच्या आणि खालच्या टोकाकडे बघतो, कारण तिथे नाट्य असतं. मी बंद भावाकडे बघायला सांगेन. दिवसभरात भाव कुठेही फिरून येतो. घाबरलेले, लोभावलेले, चुकून बटण दाबलेले अशा सगळ्यांच्या खुणा त्या टोकांवर असतात. दुपारी साडेतीनला जो भाव उरतो तो रात्रभर पैसे अडकवून ठेवायची तयारी असलेल्यांचा असतो. त्यामुळे दुपारी एक वाजता ‘ब्रेकआउट झाला, घ्या’ असा मेसेज आला तर त्याला एकच उत्तर: काडी अजून बनते आहे.

हाच नियम वेळेच्या मापालाही लावा. पाच मिनिटांच्या चार्टवर दिवसाला पंचाहत्तर काड्या होतात आणि तेवढ्यांत हवी ती आकृती दिसते. नोकरी, दुकान किंवा शेती सांभाळून बाजार बघणाऱ्याने रोजचा आणि आठवड्याचा चार्ट धरावा. आधी आठवड्याच्या चार्टवर भावाची एकूण दिशा पाहायची, मग रोजच्या चार्टवर जागा शोधायची. आठवड्याचा चार्ट खाली चालला असताना रोजच्या चार्टवर दिसणारा सुंदर तेजीचा पॅटर्न बहुधा उताराच्या वाटेवरचा थांबा निघतो.

आता खरं उदाहरण, आणि त्यात थोडं रेंगाळू, कारण पॅटर्न कसा वाचायचा हे व्याख्येपेक्षा आकड्यांतून जास्त कळतं.

निफ्टीने 27 सप्टेंबर 2024 ला 26,277 चा उच्चांक केला आणि पुढचे पाच महिने ती उतरत राहिली. 4 मार्च 2025 ला तिने 21,965 चा तळ दाखवला. तिथून उसळून 25 मार्चला 23,870 पर्यंत गेली आणि पुन्हा घसरली. एप्रिलच्या सुरुवातीला ट्रम्प यांनी आयात शुल्काची घोषणा केली, जगभरचे बाजार कोसळले आणि सोमवार, 7 एप्रिलला निफ्टी उघडतानाच आपटून 21,744 पर्यंत आली. म्हणजे मार्चच्या तळाच्याही दोनशेवर अंक खाली. त्या सकाळी चार्टवर ‘सपोर्ट तुटला’ असंच दिसत होतं. पण दिवस संपला तेव्हा निफ्टी 22,162 वर होती. मार्चमधल्या तळाच्या दिवशीचा बंद भाव होता 22,083. बंद भावाच्या हिशेबाने जुना तळ तुटलाच नव्हता.

इथे दोन तळ दिसू लागले, आणि घाईचा माणूस इथेच ‘डबल बॉटम’ म्हणून उडी घेतो. आकृती मात्र अजून पूर्ण झालेली नव्हती. दोन तळांच्या मधली उंच जागा, 23,870, ही ओलांडल्याशिवाय डबल बॉटम हे नाव द्यायचं नसतं. त्याआधी तो फक्त दोनदा पडलेला भाव असतो. 17 एप्रिलला निफ्टी 23,852 ला बंद झाली, रेषेपासून अठरा अंकांवर. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी, मग शनिवार-रविवार. सोमवार, 21 एप्रिलला ती 24,126 ला बंद झाली. आकृती त्या संध्याकाळी पूर्ण झाली. त्याआधीच्या तीन-चार दिवसांतली भाववाढ हातची गेली म्हणून हळहळणारे असतात. त्यांना मी म्हणेन की ती वाढ सोडून द्यायचा मोबदला म्हणून खात्री थोडी वाढते. फुकट काही मिळत नाही.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. 21 एप्रिलला खरेदी करणाऱ्याने त्याच संध्याकाळी एक आकडा लिहून ठेवायला हवा होता: आपण चुकलो हे कोणत्या भावाला मान्य करायचं? तर्क असा, की जी रेषा ओलांडून भाव वर आला, तिच्याखाली तो पुन्हा बंद झाला तर आकृतीचा दावा फसला. म्हणजे 23,870 च्या खाली बंद. लगेच परीक्षाही झाली. 22 एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला. 25 एप्रिलला निफ्टी दिवसभरात त्या रेषेला टेकून आली आणि 24,039 ला बंद झाली. भारत-पाकिस्तान संघर्षाच्या ऐन दिवसांत, 9 मे रोजी, ती 24,008 ला बंद झाली. दोन्ही वेळा बातम्या भीतीच्या होत्या आणि लिहिलेला आकडा तुटलेला नव्हता. शस्त्रसंधीनंतर 12 मे रोजी बाजार एका दिवसात पावणेचार टक्क्यांहून जास्त चढला.

टार्गेट काढायची रीत साधी आहे. तळापासून मधल्या रेषेपर्यंतची उंची, इथे सुमारे 2,126, ती रेषेच्या वर मोजायची. येतात 25,996. निफ्टीने 26,000 चा टप्पा गाठला तो ऑक्टोबरमध्ये, सहा महिन्यांनी. ही गोष्ट आठवड्याच्या ऑप्शनवाल्यांनी दोनदा वाचावी. आकृती बरोबर होती, दिशा बरोबर होती, टार्गेटही मिळालं. पण त्या सहा महिन्यांत निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनची मुदत पंचवीसच्या आसपास वेळा संपली. चार्ट किती वर जाईल याचा अंदाज देतो, कधी जाईल याचा देत नाही, आणि ऑप्शन विकत घेणारा पैसे देतो ते त्या ‘कधी’साठीच.

एवढं वाचून कुणाला वाटेल की बंद भावाचा नियम पाळला की झालं. तसं नाही. जून 2024 आठवा. लोकसभेच्या एक्झिट पोलनंतर 3 जूनला निफ्टी मोठ्या उडीने उघडली आणि 23,264 ला, विक्रमी पातळीवर, बंद झाली. आधीचा उच्चांक ओलांडून बंद भाव, पुस्तकातल्या चित्रासारखा ब्रेकआउट. दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली आणि निफ्टी 21,884 ला बंद झाली; एका दिवसात जवळजवळ सहा टक्के. ज्यांनी त्या घबराटीत मंदीचे सौदे केले त्यांचंही तसंच झालं, कारण 7 जूनला ती 23,290 वर होती, म्हणजे पुन्हा नवा विक्रम. चार दिवसांत दोन्ही बाजूंचे फसले.

निकाल, अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचं धोरण, कंपनीचे तिमाही आकडे यांच्या तारखा आधी माहीत असतात. अशा तारखेच्या आदल्या दिवशी पूर्ण झालेल्या आकृतीवर पैसे लावू नका. त्या आकृतीत लोकांनी आधीच केलेला अंदाज असतो आणि खरं उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं असतं. हा नियम चार्टच्या पुस्तकात ठळक अक्षरांत सापडत नाही, म्हणून इथे देतो.

बाकीच्या प्रसिद्ध आकृत्या फार वेळ घेत नाहीत. हेड अँड शोल्डर्समध्ये तीन शिखरं असतात, मधलं उंच, आणि त्यांच्यामधल्या दोन खोलगट जागा जोडणारी रेषा बंद भावाने खाली तुटली तरच ती आकृती. चढाच्या शेवटी दिसली तर तिला अर्थ आहे. आडव्या, कंटाळलेल्या बाजारात अशा आकृत्या डझनांनी दिसतात आणि त्यांना अर्थ नसतो. ट्रँगलमध्ये भावाची हालचाल अरुंद होत जाते. तो कोणत्या बाजूला फुटेल हे फुटल्यावरच कळतं, आधी सांगणारे अंदाज सांगत असतात. फ्लॅग म्हणजे जोरदार चढानंतरची थोड्या दिवसांची विश्रांती. ती लांबली की फ्लॅग उरत नाही. डोजी, हॅमर, एन्गल्फिंग या एक-दोन काड्यांच्या खुणांना स्वतंत्र किंमत कमी. एखाद्या जुन्या, अनेकदा टिकलेल्या पातळीवर त्या आल्या तर लक्ष द्यावं, अधांतरी आल्या तर पुढे जावं. पातळीही एका पैशाची रेघ म्हणून न काढता अर्ध्या-एक टक्क्याचा पट्टा म्हणून काढा. बाजारातल्या हजारो माणसांना नेमका तोच रुपया आठवत नसतो.

यावर अभ्यासही झालेले आहेत. अँड्र्यू लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली अमेरिकी शेअरच्या 1962 ते 1996 पर्यंतच्या भावांवर संगणकाने दहा आकृत्या शोधून पाहिल्या. काही आकृत्यांत उपयोगी माहिती असते, असं त्यांना दिसलं. मात्र त्यावरून खर्च वजा जाता नफा होतोच, असा दावा त्यांनी केला नाही. मला हे मत पटतं. आकृतीला पूर्ण थोतांड म्हणणंही चूक आणि तिच्या भरवशावर कर्ज काढणंही.

व्हॉल्यूम म्हणजे किती माल हातांतून हातांत गेला. बाजार समितीत भाव वाचणारा माणूस हे चार्टवाल्यापेक्षा चांगलं जाणतो. शंभर पोती आवक असताना पाचशे रुपयांनी चढलेला भाव आणि दहा हजार पोती आवक असताना चढलेला भाव यांना यार्डात कुणीही सारखं मानत नाही. शेअरच्या बाबतीतही रेषा ओलांडली त्या दिवसाचं व्हॉल्यूम मागच्या महिन्याभराच्या सरासरीपेक्षा ठळकपणे जास्त हवं. निफ्टीच्या निर्देशांकाला मात्र स्वतःचं व्हॉल्यूम नसतं, कारण निर्देशांक थेट विकला जात नाही. त्याच्या खाली दिसणारे खांब कशाचे आहेत ते तपासा. आणि दिवसाला काही लाखांचेच व्यवहार होणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या चार्टवर पॅटर्न शोधू नका. तिथे चार माणसं मिळून हवी ती आकृती काढू शकतात.

चूक कुठे ठरणार हे कळलं की किती शेअर घ्यायचे हे आपोआप ठरतं. लोक उलट करतात; आधी ‘पन्नास हजारांचे घेऊ’ म्हणतात, मग स्टॉप लॉस कुठेतरी लावतात. हिशेब असा करा. बाजारासाठी वेगळे काढलेले एक लाख रुपये आहेत. एका सौद्यात त्यातला एक टक्का, म्हणजे हजार रुपये, जाऊ द्यायची तयारी ठेवली. शेअर 500 ला घ्यायचा आणि 480 च्या खाली आपण चुकलो. फरक वीस रुपये. हजार भागिले वीस, पन्नास शेअर, पंचवीस हजारांचा सौदा. फरक चाळीस रुपयांचा असेल तर पंचवीसच शेअर. दहा सौद्यांत सहा फसले आणि चार जमले, पण जमलेल्यात फसलेल्याच्या दुप्पट मिळालं, तरी खर्चाआधी दोन हजार हातात उरतात. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा चुकूनही टिकता येतं, फक्त प्रत्येक चूक हजारातच संपली पाहिजे. एक सावधगिरी: भाव मोठ्या दरीने उघडला तर 480 चा स्टॉप 465 लाही लागू शकतो. एक टक्क्याचा नियम त्या दिवसासाठीच आहे.

फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये हा हिशेब सहसा बसत नाही, कारण एक लॉटच मोठा असतो. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत या प्रकारात व्यवहार करणाऱ्या दर 100 वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 तोट्यात गेले आणि एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींहून जास्त होता. 2024-25 चे आकडे आले तेव्हाही तोट्यातल्यांचं प्रमाण 91 टक्के होतं. हे व्यवहार करणाऱ्यांतले बहुसंख्य मोठ्या तीस शहरांबाहेरचे, म्हणजे वर्धा, हिंगणघाट यांसारख्या गावांतले होते आणि तीनचतुर्थांश लोकांनी वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवलं होतं. त्यातल्या पुष्कळांनी चार्ट शिकून घेतलेला असणारच. चार्ट न येणं हे तोट्याचं कारण म्हणून सांगून महागडा क्लास विकणाऱ्यांपासून जपा. सल्ला देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा आणि तो सेबीच्या वेबसाइटवर स्वतः शोधा. जानेवारी 2025 च्या परिपत्रकात सेबीने, केवळ शिक्षण देतो म्हणणाऱ्यांनी मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरू नयेत, असं बजावलं होतं. आजच्या चार्टवर आजचं टार्गेट सांगणारा ‘शिक्षक’ काय करतो आहे ते यावरून कळतं. आणि पैसे खासगी खात्यात मागितले, अनोळखी ॲप टाकायला लावलं, तर बोलणं थांबवा. पैसे गेलेच असतील तर उशीर न करता 1930 वर तक्रार नोंदवा.

सरावाला पैसे लागत नाहीत. कोणत्याही मोठ्या कंपनीचा रोजचा चार्ट घ्या, दोन वर्षं मागे न्या, उजवी बाजू कागदाने झाका. एकेक दिवस पुढे सरकवत जा. आकृती पूर्ण झाली असं वाटलं की तारीख, घ्यायचा भाव, चुकीचा भाव आणि टार्गेट वहीत लिहा, मग पुढचे दिवस उघडा. पूर्ण दिसणाऱ्या चार्टवर प्रत्येकाला तळ ओळखता येतो; झाकलेल्या चार्टवर नाही. निदान पन्नास नोंदी होईपर्यंत खऱ्या पैशाला हात लावू नका, आणि फसलेल्या नोंदी खोडू नका.

राहिला कापूस. कास्तकाराचा प्रश्न ट्रेडरपेक्षा वेगळा, कारण त्याचा सौदा आधीच झालेला असतो. माल घरात आहे म्हणजे तो तेजीत उभा आहे. 2021-22 च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला, त्या वर्षीचा मध्यम धाग्याचा हमीभाव 5,726 असताना. मे 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या वायद्यात रुई पौंडाला 150 सेंटच्या वर होती, ऑक्टोबरअखेर 75 च्या खाली. पुढच्या हंगामात विदर्भात पुष्कळांनी दहा हजारांची वाट पाहत कापूस घरात ठेवला आणि भाव उतरत गेले. सोयाबीनचंही त्याआधी तेच झालं होतं: 2021 च्या पावसाळ्यात दहा हजारांचा भाव, ऑगस्टमध्ये 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी, मग नवी आवक आणि उतार. मागचं शिखर चार्टवर उठून दिसतं, म्हणून ते परत येईल असं वाटतं. शिखर ही विकणाऱ्यांनी एकदा भाव अडवलेली जागा असते, एवढाच तिचा अर्थ.

त्यात कापसाचा चार्ट म्हणजे रुईचा चार्ट नव्हे. क्विंटलभर कापसातून 34 किलोच्या आसपास रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुई स्थिर असताना सरकी पडली तरी जिनिंगवाला भाव कमी करतो. एमसीएक्सवर रुईचा वायदा फेब्रुवारी 2023 मध्ये नव्या रूपात सुरू झाला तो 48 खंडीच्या लॉटने. खंडी साधारण 356 किलोची, म्हणजे एक लॉट 17 टन रुईचा, सुमारे 500 क्विंटल कापसाचा. एकट्या शेतकऱ्याला तो पेलणारा नाही, शेतकरी कंपनीला किंवा जिनिंगला कदाचित. शिवाय तिथले सौदे तुरळक, त्यामुळे त्या चार्टवर आकृत्या शोधू नयेत, दिशा बघावी. आयात शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये उठलं तसं सरकारी निर्णयाने एका रात्रीत चित्र पालटतं, हेही धरून चालावं.

मग करायचं काय? 2025-26 साठी लांब धाग्याचा हमीभाव 8,110 आणि मध्यम धाग्याचा 7,710 होता. हमीभावाने कापूस घेणारं सरकारी महामंडळ, सीसीआय, पूर्ण भाव देतं तो 8 टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला, 12 टक्क्यांच्या वर घेत नाही. ज्या हंगामात बाजार हमीभावाच्या खाली आहे, तिथे चार्ट बाजूला ठेवून ‘कपास किसान’ ॲपवरची नोंदणी आणि माल वाळवणं यांकडे लक्ष द्या. बाजार हमीभावाच्या वर असेल तर माल तीन हिश्शांत विका. पहिला हिस्सा चुकाऱ्याची आणि कर्जाची गरज भागेल एवढा, आल्या भावाला. उरलेल्या दोन हिश्शांसाठी एक खालचा आकडा कागदावर लिहा, मागच्या महिन्यातल्या सर्वसाधारण दराचा नीचांक धरा. हिंगणघाटचा सर्वसाधारण दर सलग तीन बाजारदिवस त्याच्या खाली राहिला आणि आवक वाढत असली, तर चौथ्या दिवशी गाडी भरा.